आकड्याआधीची आडवी रेघ

इलेक्ट्रिक सायकलला दुसरी बॅटरी जोडण्याआधी मी वायरींच्या रंगावर भिस्त ठेवत नाही. लाल म्हणजे अधिक, काळी म्हणजे उणे हा नुसता संकेत आहे. तो कुणी पाळला नसेल आणि बॅटरी उलटी जोडली गेली, तर कंट्रोलर क्षणात जळू शकतो. म्हणून आधी मल्टीमीटर.

गंमत अशी, की अधिक-उणे हाही संकेतच. १७४७ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने वीज हा एकच प्रवाही पदार्थ मानला. तो जास्त तिथे अधिक, कमी तिथे उणे. पण कोणत्या बाजूला तो जास्त, हा निव्वळ अंदाज होता. १८९७मध्ये जे. जे. थॉमसनने ऋणभारित इलेक्ट्रॉन शोधला. म्हणजे तारेतले कण प्रत्यक्षात उणेकडून अधिककडे जातात! तोवर पुस्तकं, आकृत्या, उपकरणं सगळी फ्रँकलिनच्या खुणांवर उभी होती. जुन्या कोडमधलं चुकीचं नाव सगळीकडे वापरलं गेलं, की त्याला कुणी हात लावत नाही, तसंच हे.

व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी जाहीर केली, तेव्हा तिचा झटका तो स्वतःच्या अंगावर अनुभवत होता. १८२०मध्ये कोपनहेगनच्या अर्स्टेडला दिसलं, की तारेतून वीज गेली की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते, आणि प्रवाह उलटा केला की उलट्या बाजूला वळते. प्रवाह आहे का आणि कुठल्या दिशेने, हे एकच सुई सांगू लागली. पुढे १९२३मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्याच्या कल्पनेतून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा ॲव्होमीटर बाजारात आला.

आपला मल्टीमीटर त्याचाच वंशज. चकती डीसी व्होल्टवर, बॅटरीपेक्षा मोठ्या रेंजवर ठेवा. काळी वायर 'कॉम'मध्ये, लाल व्होल्टच्या भोकात. अँपिअरच्या भोकात मुळीच नको, तिथून बॅटरी थेट शॉर्ट होते. टोकं बॅटरीला लावताना एकमेकांना टेकू देऊ नका. '४८ व्होल्ट'च्या लिथियम-आयन बॅटरीत बहुधा १३ सेल ओळीने असतात. प्रत्येकी ४.२ धरले, तर पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट.

पडद्यावर नुसता आकडा आला, तर लाल टोक अधिकवर आहे. आकड्याआधी आडवी रेघ आली, तर ते उणेवर आहे. फ्रँकलिनचा अंदाज चुकला असेल, पण बॅटरी बनवणारा, कंट्रोलर बनवणारा आणि आपण, सगळे तोच मानतो. जोडणी त्यावरच टिकून आहे.