विज्ञानाच्या पानाचे वाचन

म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरच्या परिसरात कबिनी नदीवरील धरण १९७४ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. परंतु धरणाकाठी वाढणारे मूलदेखील ‘द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो’ या वाक्याशी का अडखळते, याचे उत्तर केंद्राच्या कार्यात सापडते.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, तेव्हापासून शास्त्रीय विषय मराठीत लिहिले जात आहेत. लिहिण्याची परंपरा अशी जुनी. ते वाचावे कसे, हे शिकविण्याची मात्र उपेक्षाच झाली. केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंचित घरांतील विद्यार्थ्यांच्या अपयशाचा मागोवा घेतला. ज्यांच्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसत होता, त्यांतील अनेकांची खरी अडचण पाठ्यपुस्तकाची भाषा ही होती. संकल्पना तीच ठेवून भाषा सुबोध करताच आकलन सुधारले. हा निष्कर्ष शिक्षकांना अस्वस्थ करणाराच होता.

अडचण केवळ अवघड शब्दांची नसते; ओळखीचे शब्द अधिक चकवतात. ‘खोली’ म्हणजे घरातील दालन. ‘घन’ गणितात एक, प्रकाशाच्या धड्यात दुसरेच. ‘बल’ आणि ‘शक्ती’ व्यवहारात एकच, भौतिकशास्त्रात भिन्न.

अमेरिकेतील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये आपल्या पुस्तकात वाचनाचे पाच टप्पे मांडले : चाळणे, प्रश्न करणे, वाचणे, आठवून सांगणे, उजळणी. ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होते. माध्यमिक वर्गात त्यांना आकृतीची जोड द्यावी लागते. धरणाच्या भिंतीचा उभा छेद प्रथम पाहावा. पाया रुंद का, याचा अंदाज वहीत लिहावा. मगच परिच्छेद वाचावा, चकवणारे शब्द अधोरेखित करावेत आणि पुस्तक मिटून आशय सांगावा. यात वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, ही तक्रार रास्त आहे. तथापि न समजता संपविलेला पोर्शन दहावीच्या वर्गात पुन्हा शिकवावा लागतो.

‘खाली पाण्याचा रेटा जास्त, म्हणून भिंत खाली जाड,’ असे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिले, की शिक्षकाचा पुढचा प्रश्न तयार असतो : रेटा आणि दाब एकच का?