आसगांवचे नेव्हिल डिसूझा

फुटबॉल म्हटला कीं श्रोत्यांचें मन एकतर इंग्लंडकडे धांवतें, नाहींतर कलकत्त्याकडे. परंतु ऑलिंपिकच्या एकाच सामन्यांत तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू गोव्याच्या बारदेशांतील आसगांवचा होता, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक असेल? नेव्हिल डिसूझा यांचा जन्म १९३२ सालचा. त्यांचा खेळ बहरला तो मुंबईच्या मैदानांवर.

त्या काळीं इंग्लंडांत फुटबॉल हा रीतसर धंदा होता. खेळाडूस क्लबाकडून आठवड्याचें वेतन मिळे. त्यावरील कमाल मर्यादा मात्र १९६१ पर्यंत उठली नाहीं. मुंबईंत तसला धंदा नव्हता. मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगीत व खेळाडूस नोकरी देत. डिसूझा टाटांच्या संघांतून खेळले.

हिंदी संघाची तेव्हांची स्थिति बेताचीच होती. १९५२ सालीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें त्याचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते! वैनगंगेकाठीं अनवाणी ढेकळें तुडविणाऱ्यास त्याचें नवल वाटणार नाहीं. पण फिनलंडच्या थंडींत त्या पायांचे काय हाल झाले असतील? त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

१९५६ सालीं हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणीखालीं संघ मेलबोर्नला गेला. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें पहिला खरा सामना १ डिसेंबर रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशींच पडला. डिसूझांनीं गोल करावा, यजमानांनीं बरोबरी साधावी, असें दोनदां झालें. तिसऱ्या खेपेस मात्र डिसूझांचा गोल फिटला नाहीं. चौथा किट्टू यांनीं केला, आणि ४-२ असा विजय मिळाला.

उपांत्य फेरींत गांठ पुन्हां युगोस्लाव्हियाशीं होती. तेथेंही पहिला गोल डिसूझांचाच! कांहीं क्षण चार वर्षांपूर्वींचें उट्टें निघणार असें वाटलें. पण तो आनंद फार टिकला नाहीं. सामना ४-१ असा हातचा गेला. पुढें बल्गेरियानेंही ३-० असें हरविलें, व हिंदुस्थान चौथा आला. स्पर्धेंत सर्वांत अधिक, म्हणजे प्रत्येकीं चार गोल करणारे खेळाडू तिघे होते: बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि आपले डिसूझा.

चौथ्यास पदक नसतें. पण या यशाची बरोबरी आपल्या फुटबॉल संघास ऑलिंपिकमध्यें पुन्हां करतां आली नाहीं. १९६० च्या रोमनंतर तेथें त्याचा प्रवेशही झालेला नाहीं. डिसूझा १९८० सालीं वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें ४७ वर्षांचें होतें.