तंबोऱ्याची लांबी आणि आत्याची पट्टी



जुन्या घरांतल्या वस्तूंवर आपण इथं भरपूर लिहिलं. पितळी हंडे झाले, जातं झालं, तंबाखूच्या वखारीतले काटे झाले. तंबोऱ्यावर मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही. कोगनोळी, निपाणी, कागल, चिकोडी या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत तो असायचा, खोळ घालून कोपऱ्यात उभा किंवा आढ्याला टांगलेला. कुणाच्या तरी आजोबांनी हौसेनं आणलेला. आज त्याची लांबी आणि तारा यांबद्दल लिहितो. विषय कोरडा वाटेल, पण आमच्या घरात त्यापायी एका बाईचं गाणं थांबलं होतं, म्हणून लिहायला हवं.

आधी हा तंबोरा आपल्याकडं आला कुठून ते बघू. आपल्याला जवळचं गाव मिरज. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगार मंडळी तंतुवाद्यं करायला लागली. मूळचा धंदा तलवारी-भाल्यांना धार लावायचा. संस्थानांच्या लढाया संपल्या, शस्त्रांचं काम घटलं आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं हेच हात सतार-तंबोऱ्याकडं वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे नाव त्यात पहिलं घेतलं जातं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायचे, अजूनही येतात. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि कोल्हापूरपर्यंत वाद्य सुखरूप आणणं सोपं झालं. तिथून पुढं आपल्या गावापर्यंत बैलगाडी.

त्या वेळी आपल्या चारी बाजूंना गाणं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब, मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब. सुळेभावीला १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. आपल्या लोकांना गाण्याची हौस लागली त्यात नवल नाही.

आमच्या आजोबांनी आणलेला तंबोरा चांगला पाच फुटी होता. घरात त्याचा मोठा तोरा. पुढं १९५५च्या सुमारास आत्याला गाणं शिकवायचं ठरलं आणि तोच तंबोरा तिच्या मांडीशी आला. शिकवायला येणारे मास्तर स्वतः काळी एकमध्ये गायचे, म्हणून तंबोराही काळी एकमध्येच लागायचा. आत्याचा आवाज तिथं बसेना. खालचा षड्ज धरला तर आवाज घशात बुडायचा, वरचा धरला तर अंतऱ्यात ताणून चिरकायचा. मास्तरांनी एकदा दोनदा पट्टी वर चढवून पाहिली. तार तुटली. जाड तार लावली, तीही तुटली. शेवटी घरात निकाल लागला की पोरीच्या आवाजात दम नाही. वर्षभरात शिकवणी बंद. त्याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ला, आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. घरात त्या दिवसांबद्दल बोलणं निघालं की मोठी माणसं सीमाप्रश्नावर बोलायची, आत्याच्या गाण्यावर कुणीच बोलायचं नाही.

आता जाड तारही का तुटली, ते सांगतो. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६३६ साली हे नियम छापले. लांबी दुप्पट केली की स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो. ताण चौपट केला तर एक सप्तक वर. तारेची जाडी दुप्पट केली तर वजन चौपट होतं आणि तोच ताण ठेवला तर स्वर एक सप्तक खाली उतरतो.

गंमत पुढं आहे. आपल्याला वाटतं जाड तार जास्त ताण सोसेल. सोसतेच. पण जाड तारेला त्याच स्वरावर आणायला ताणही त्याच पटीत जास्त लागतो. त्यामुळं धातू एक आणि लांबी एक असेल तर बारीक तार ज्या स्वरावर तुटते, साधारण त्याच स्वरावर जाड तारही तुटते. म्हणजे वाद्य किती वर चढणार ते तारेची जाडी ठरवत नाही, लांबी ठरवते. घोडीपासून मेरूपर्यंतचं अंतर एकदा सुताराच्या हातून ठरलं की वरची हद्द ठरली. वर जाड तार ओढली की दांडीवरचा भार तेवढा वाढतो.

पुरुषांची पट्टी सहसा पांढरी एक ते काळी दोन, बायकांची काळी चार-पाचच्या आसपास. काळी एक ते काळी चार म्हणजे षड्ज-पंचमाचं अंतर. एवढ्या फरकाला एकच लांबी पुरत नाही. म्हणून मिरजेत जेंट्स तंबोरा आणि लेडीज तंबोरा वेगळे होतात. पहिला पाच फुटांच्या घरातला, दुसरा त्याहून बराच आखूड, आणि तबल्याच्या किंवा वाद्याच्या साथीला त्याहून छोटी तंबुरी.

उलट बाजूही तितकीच खरी. लेडीज तंबोरा पुरुषाच्या पट्टीला उतरवला तर तार तुटत नाही, ढिली पडते. जवारीवर ती नुसती फडफडते, गुंजत नाही. मग लोक जवारीला आणि त्याखालच्या सुताला दोष देतात.

खरजाचं गणितही यातच आहे. तो जोडाच्या तारांपेक्षा एक सप्तक खाली असतो. तिथं जोडाचीच पोलादी तार लावली तर ताण पाव उरेल. म्हणून खरज जाड आणि पितळेचा किंवा ब्राँझचा. पितळ पोलादापेक्षा थोडं जड, पण ताकदीला कमी. खालच्या स्वराला ताकद लागत नाही, वजन लागतं, म्हणून ते तिथं चालतं. तीच पितळी तार जोडाला लावून बघा, स्वरावर यायच्या आत तुटेल.

घरातल्या पोरांना हे गिटारीच्या भाषेत लवकर कळेल. आमच्या पुतण्याच्या मुलानं पुण्यात बॅरिटोन गिटार घेतली. साध्या गिटारीची तार साडेपंचवीस इंचांच्या आसपास, सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्झ. बॅरिटोनला तो ६२ पर्यंत उतरवतात. साध्या गिटारीवर तेवढं उतरवलं तर ताण निम्म्याच्या जरा वर राहतो. म्हणून बॅरिटोनची लांबी २७ ते ३० इंच करतात, आणि खालची तार ०.०४६ ऐवजी ०.०६० ते ०.०७० इंचांची घेतात. बेस गिटार ३४ इंच. सहा तारांच्या बेसला आणखी खाली, ३१ हर्ट्झपर्यंत जायचं असतं, म्हणून कितीतरी कारागीर ३५ इंच धरतात आणि तार ०.१३० इंचांची. फेंडर कंपनीनं १९६१ साली सहा तारांचा बेस काढला, त्याची लांबी ३० इंच होती. आता बघा, आपल्या पुरुषी तंबोऱ्याचा काळी एकचा खरज ६९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे बॅरिटोनच्याच घरातला. फरक इतकाच की गिटारीच्या जाड तारेवर दुसरी तार गुंडाळून वजन वाढवतात, त्यामुळं तार लवचीक राहते आणि लांबी कमी चालते. तंबोऱ्याला जवारीवर घासत जाणारी गुळगुळीत तार लागते, म्हणून सहसा साधीच तार आणि लांबी भरपूर.

आता आत्याकडं येतो. १९९०च्या दशकात तो तंबोरा जवारी काढायला मी मिरजेला नेला. आत्या बरोबर होती. कारागिरानं तंबोऱ्याला हात लावायच्या आधी विचारलं, "गाणार कोण?" आत्या काही बोलली नाही. मीच तिच्याकडं बोट केलं. त्यानं आमचा तंबोरा बाजूला ठेवला, दुकानातला एक लेडीज तंबोरा काढला, तिला साधं आ करायला सांगितलं आणि त्या आवाजावर तो लावला. काळी तीन निघाली. वय झालं होतं, तरणेपणी कदाचित चार असती. पन्नाशी ओलांडलेली बाई मिरजेच्या त्या दुकानात भूपाचे आरोह-अवरोह गायली. आवाज कुठंही चिरकला नाही. परतताना एस.टी.त ती फार बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की चाळीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाईची पट्टी वरचीच असते असाही नियम नाही. धारवाडच्या गंगूबाई हनगल यांचा आवाज टॉन्सिलच्या उपचारानंतर खाली उतरला, पुरुषी म्हणावा इतका भरदार झाला. त्या त्याच आवाजात पुढं कितीतरी वर्षं गायल्या. त्यामुळं जेंट्स आणि लेडीज ही दुकानातली नावं धरा. मुलीचा आवाज खाली असेल तर तिला लांब तंबोरा द्या, मुलाचा वर असेल तर आखूड.

घरात तंबोरा असेल आणि नातवंडं शिकणार असतील तर एवढं करा. आधी मुलाला किंवा मुलीला तंबोरा न लावता गाऊ द्या आणि पट्टी ठरवा. मुलग्यांची आवाज फुटताना बदलते, तेव्हा पुन्हा बघा. मग मेरूपासून घोडीपर्यंत टेप लावून लांबी मोजा आणि पट्टी व लांबी दोन्ही सांगून तारेचा संच मागा. नुसतं "तंबोऱ्याच्या तारा द्या" म्हणू नका. तार वारंवार एकाच स्वरावर तुटत असेल तर वाद्य लांब पडतंय. फडफडत असेल तर आधी जाड तार लावून बघा, तरी जमलं नाही तर वाद्य आखूड पडतंय.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोगनोळीच्या नाक्यावरून राज्य बदलतं, पण जवारी काढायला आपली माणसं आजही मिरजेलाच जातात.

तुमच्या घरी तंबोरा असेल तर फोटो टाका, मेरू ते घोडी लांबी लिहा, आणि त्यावर कोण गायचं तेही लिहा. विशेषतः ज्या आत्या, मावश्या, काकूंचं गाणं मधेच थांबलं, त्यांची नावं राहू देत, पण त्या कुठल्या पट्टीत गायच्या ते आठवत असेल तर जरूर कळवा.