डाव सोडण्याची विद्या

मराठीने पत्त्यांच्या खेळातून अनेक शब्दप्रयोग उचलले आहेत. हुकमाचा एक्का, हुकमी पान, पत्ते पिसणे, डाव साधणे, डाव उलटणे हे सारे प्रयोग जिंकण्याच्या किंवा हरण्याच्या बाजूचे आहेत. हाती आलेली पाने निरखावीत, ती कमकुवत आहेत हे ओळखावे आणि फारसे नुकसान होण्यापूर्वी ती मुकाट्याने खाली ठेवावीत, या कृतीचे कौतुक करणारा शब्दप्रयोग मात्र सहसा आढळत नाही. ‘डाव सोडला’ या शब्दांना आपल्याकडे माघारीचा वास येतो. तीन पानी आणि पोकर या खेळांतील खरे कसब मात्र याच कृतीत आहे. हे कसब नेमके कोणते, आपल्या वाङ्मयाने आणि न्यायालयांनी ते कितपत ओळखले, आणि ते ओळखल्याने जुगाराचा प्रश्न सुटतो काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत जागरणासाठी पत्ते मांडण्याची रीत आहे. पेण तालुक्यातील जोहे-हमरापूर हा परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या मूर्ती दूरदूरच्या घरांत आणि मंडपांत बसतात, आणि त्या बसल्या की कोकणातल्या घराघरांत रात्री दोन तऱ्हेचे डाव रंगतात. घरातल्या बायकामुलांचा मेंढीकोट किंवा बदाम सात, आणि पुरुषांच्या कोंडाळ्यातले तीन पानी. या दोहोंतला फरक आपण पैशावरून करतो. पण त्याहून मूलभूत फरक खेळाच्या रचनेत आहे. मेंढीकोटात बावन्नच्या बावन्न पाने चौघांत वाटली जातात आणि वाट्याला आलेली तेरा पाने प्रत्येकाला अखेरपर्यंत खेळावीच लागतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेतही हेच तत्त्व आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पाने. ती सर्व वाटली जातात. कोणती पाने पडून गेली याची आठवण ठेवणे हे तिथले कौशल्य. ‘मला हा डाव खेळायचा नाही’ असे म्हणण्याची सोय या कुळात नाही. तीन पानी आणि पोकर हे दुसऱ्या कुळातले खेळ. इथे पाने पाहून डावातून उठता येते. निवड करण्याचे स्वातंत्र्य हाच या कुळाचा विशेष.

तीन पानी हा इंग्रजांच्या ‘ब्रॅग’ या खेळाचा भारतीय अवतार मानला जातो. त्याचे गणित साधे आहे. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी तिन्ही पाने सारखी असण्याचे प्रकार अवघे ५२, एकाच रंगातल्या सलग पानांचे ४८, साध्या सलग पानांचे ७२०, एकाच रंगाच्या तीन पानांचे १,०९६ आणि जोडीचे ३,७४४. उरलेल्या १६,४४० प्रकारांत हाती काहीच नसते. फक्त सर्वांत मोठ्या पानाचा आधार असतो. म्हणजे दर चार हातांपैकी जवळजवळ तीन हात रिकामे. अवघ्या प्रकारांचा मध्य काढला तर तो राजा आणि दहिला असलेल्या हाताच्या आसपास पडतो. समोर एकच गडी असेल तर एक्का असलेला साधा हातही सरासरीहून बराच वरचा ठरतो. पण समोर चार गडी असतील तर त्यांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा त्याहून चांगला हात असण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. तोच एक्का, तीच पाने. पण एका बैठकीत ती जपण्याजोगी आणि दुसऱ्या बैठकीत टाकण्याजोगी. हाताचे मोल पानांवर छापलेले नसते, ते भोवतालच्या माणसांच्या संख्येवर ठरते, हा या विद्येचा पहिला धडा.

पोकरमध्ये या धड्याचे शास्त्र झाले. ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला सुरुवातीला दोनच पाने मिळतात. ती १,३२६ प्रकारे येऊ शकतात, आणि रंगांची अदलाबदल सोडली तर त्यांचे १६९ प्रकार उरतात. दोन एक्के सरासरी २२१ हातांत एकदा येतात. कोणतीही जोडी सतरा हातांत एकदा. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ मध्ये ‘होल्डेम पोकर’ हे पुस्तक लिहिले. प्रारंभीच्या हातांचे दर्जानुसार गट पाडण्याची त्यांची पद्धत पुढे या खेळाच्या अभ्यासकांची बाराखडी बनली. बोलण्याची पाळी आधी असेल तर निवड कडक, शेवटी असेल तर थोडी सैल, हाही त्या बाराखडीतलाच नियम. कारण शेवटी बोलणाऱ्याला इतरांनी काय केले हे कळलेले असते. या साऱ्याचे सार एवढेच की बहुतेक हात खेळायचेच नसतात. तासन्‌तास बसून पाने खाली ठेवत राहणे ही पोकरपटूची खरी दिनचर्या, आणि तीच पाळणे नवख्याला सर्वांत अवघड जाते.

तीन पानीने मात्र या संयमावर एक विलक्षण कर बसवला आहे. ज्याने पाने पाहिली त्याला, न पाहता ‘ब्लाइंड’ खेळणाऱ्याच्या निदान दुप्पट चाल करावी लागते. पाहणे महाग, न पाहणे स्वस्त. निवड करण्याचा अधिकार खेळाने दिला खरा, पण तो वापरणाऱ्याच्या खिशात हातही घातला. आंधळेपणाला सवलत देणारा हा नियम बैठकीला रंग आणतो आणि विवेकाची किंमत वाढवतो. तीन पानीची ख्याती निव्वळ नशिबाचा खेळ अशी झाली, तिच्या मुळाशी हा नियमही असावा.

न्यायालयानेही या ख्यातीवर शिक्कामोर्तब केले. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिलेली होती. त्यामुळे कौशल्य कशाला म्हणावे हा प्रश्न पुढे वारंवार उभा राहिला. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या शब्दकोड्यांच्या स्पर्धेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार मानण्यास नकार दिला. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे की, सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्या निकालात ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्ताचा आणि महाभारताचा दाखला दिला. पुढे १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखायचे, कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, ही त्यांची कारणे. त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र शुद्ध संयोगाचा म्हणून बाजूला काढला गेला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरलाही जुगारातच गणले.

या भेदात एक तर्कदोष आहे असे वाटते. एक पान टाकण्यात कौशल्य असेल, तर सगळा हात टाकण्यात ते का नसावे? रमीतले कौशल्य पानागणिक दिसते. तीन पानीतले एकाच निर्णयात एकवटते आणि नंतर अदृश्य होते. जो उठला त्याची पाने कोणी पाहत नाही. केलेल्या चालीची साक्ष मिळते, न केलेल्या चालीची मिळत नाही. पण डाव सोडण्याचे मोल न ओळखण्याची ही सवय एकट्या न्यायालयांची नाही. आपल्या वाङ्मयपरंपरेतही तिचा इतिहास मोठा आहे.

युधिष्ठिराची शोकांतिका फासे कपटी होते एवढ्यावर संपत नाही. आव्हान आल्यावर मागे फिरायचे नाही, हे त्याचे व्रत होते. सर्वस्व गमावल्यावर धृतराष्ट्राने सारे परत दिले, आणि तरीही दुसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा तो पुन्हा पटावर बसला. त्याच्या क्षात्रधर्मात डाव नाकारण्याची जागाच नव्हती. नलाची कथा याहून वेगळी. रथ धावत असताना ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे अंदाजाने मोजतो, आणि अश्वविद्येच्या बदल्यात नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. ते मिळताच नलाच्या देहातून कली बाहेर पडतो. संख्येचे ज्ञान झाल्यावर व्यसन उतरते, अशी ही मोठी अर्थपूर्ण कल्पना आहे. पण नलही ते ज्ञान पुन्हा पुष्कराशी खेळून राज्य परत मिळवण्यासाठीच वापरतो.

तिसरी कथा आपल्या गद्याच्या उगमापाशी आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत येते. गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळदेव द्यूतात हरतो, पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतो, ती देत नाही. त्यानंतर मनाला वैराग्य येऊन रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने तो घर सोडतो. महानुभाव परंपरा या घटनेकडे लीळा म्हणून पाहते. वाचकाच्या नजरेने पाहिले तर, हरलेले परत मिळवण्याचा मोह हा प्रत्येक जुगाऱ्याचा शेवटचा सापळा असतो, आणि हरिपाळदेव नेमका तिथूनच बाहेर पडतो. युधिष्ठिराला उठता आले नाही, नल जिंकून उठला. हरिपाळदेव हरलेला असतानाच उठला.

यावरून ‘आमचा खेळ कौशल्याचा आहे’ या युक्तिवादाचे मोल ठरवता येईल. गेली काही वर्षे मोबाइलवरच्या रमी आणि पोकरच्या जाहिरातींनी हाच युक्तिवाद घरोघरी पोहोचवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा केला, त्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि संयोग हा भेदच पुसून टाकला आणि दोन्हींना सारखीच बंदी घातली. युक्तिवाद खोटा नव्हता. कौशल्य आहे, ते मोजताही येते. पण ते मुख्यतः न खेळण्याचे कौशल्य आहे, आणि न खेळणाऱ्यावर कोणत्याही कंपनीचा धंदा चालत नाही. शिवाय बैठकीतल्या सर्वांनाच ते साधले तर कोणाचाच फायदा उरत नाही. उरतो तो फक्त जागा देणाऱ्याचा वाटा. जाहिरात कौशल्याची होती, तरी तिचा भरवसा ते नसणाऱ्यांवरच होता.

वर्गात अक्षसूक्त किंवा नलाख्यान शिकवताना आपण जुगाराचे दुष्परिणाम सांगून थांबतो. विद्यार्थ्यांच्या खिशातल्या मोबाइलला ते पुरेसे उत्तर नाही, कारण त्यांना कौशल्याची भाषा ठाऊक आहे. तेव्हा २२,१०० पैकी १६,४४० हा आकडा त्यांच्यापुढे फळ्यावर मांडावा, आणि मग ‘लीळाचरित्रा’तला तो प्रसंग वाचावा. चांगला हात निवडता येणे ही बुद्धीची गोष्ट आहे. हरत असताना उठता येणे हा स्वभावाचा भाग, आणि तो घडवण्याचे काम गणितापेक्षा वाङ्मयाकडे अधिक येते.