रुग्णवाहिका उभी कुठे होती?

२० ऑगस्ट २०२१ च्या पहाटे सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात छकडे पळाले. शर्यत जाहीर झाली होती झरे गावी. आमदार गोपीचंद पडळकर यांनी ती पुकारली होती आणि सर्वोच्च न्यायालयाची बंदी तेव्हा उठलेली नव्हती. प्रशासनाने आसपासच्या गावांत संचारबंदी लावली, रस्त्यांवर बंदोबस्त बसवला, माळावर चर खणले. तरीही वाक्षेवाडीच्या पठारावर रातोरात दुसरी धावपट्टी तयार झाली आणि पुरतं उजाडायच्या आत मैदान उरकलं.

त्या सकाळबद्दल पुष्कळ लिहून आलं. पोलीस, आमदार, बैल आणि न्यायालय यांच्याभोवतीच ते सगळं फिरत राहिलं. मला मात्र छकड्यावर उभ्या राहिलेल्या पोराची काळजी वाटते. छकडा म्हणजे दोन चाकं, जू आणि पाय टेकायला जेमतेम फळी. सातारा-सांगलीकडे त्याच्यावर उभ्या असणाऱ्याला ‘ड्रायव्हर’च म्हणतात. त्याचा तोल गेला तर खाली त्याच्याच गाडीचं चाक असतं आणि शेजारच्या चाकोरीत दुसरी जोडी सुटलेली असते. वाक्षेवाडीच्या माळावर असं झालं असतं तर त्याला कोणी नेलं असतं? बंदी असलेल्या शर्यतीला परवाना नसतो आणि परवाना नसला की अटीही लागू होत नाहीत. ज्या मैदानाचा पत्ता पोलिसांपासून लपवायचा, त्या मैदानावर रुग्णवाहिका पाठवा म्हणून कोणताही आयोजक सरकारी दवाखान्याला पत्र देणार नाही. हा तर्क आहे, पण परवान्याची पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला तो नाकारता येणार नाही.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर दोन वेगवेगळ्या दप्तरांतले कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. एक दप्तर न्यायालयाचं, दुसरं आरोग्य खात्याचं.

न्यायालयाच्या दप्तराची सुरुवात ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून करता येते. खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्या दिवशी बैलाचं नाव आलं. पुढची तीन वर्षं न्यायालयांत वाद चालला आणि ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाड्यांच्या शर्यती, दोन्हींवर पडदा टाकला. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावं त्या दुरुस्तीत व्याख्येतच आली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा आडकाठी केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा दुरुस्त कायदा आणि नियम यांच्या चौकटीत शर्यती घ्यायला अंतरिम मुभा दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

या सगळ्या कागदांचा विषय बैलाचं शरीर हा आहे. बैलाची रचना पळण्यासाठी आहे की ओढण्यासाठी, यावर युक्तिवाद झाले. राज्याने तर बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवालही न्यायालयापुढे ठेवला. नियमांतही तोच कल दिसतो. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको, बैलाला विश्रांती हवी, पशुवैद्यकाचा दाखला हवा, काठी-चाबूक नको, विजेचा झटका नको. मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे सगळं योग्यच आहे. शेपटी पिरगळलेला, टोचणीने रक्ताळलेला बैल ज्याने पाहिला आहे त्याला या कलमांची गरज समजावून सांगावी लागत नाही. पण खटला बैलाचा होता, त्यामुळे ड्रायव्हर आणि माळाच्या कडेला दाटीने उभा असलेला प्रेक्षक त्या वादाच्या केंद्रात कधी आलेच नाहीत.

आता दुसरं दप्तर. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. एकूण ९३७ गाड्या. त्यांपैकी २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देण्याचं यंत्र असलेल्या, आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. गाडीत डॉक्टर असणं हे या सेवेचं वैशिष्ट्य. ती चालवण्याचं काम भारत विकास ग्रुपकडे आलं. या समूहाचे संस्थापक हणमंतराव गायकवाड मूळचे रहिमतपूरचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातलेच. ज्या जिल्ह्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्या बघायला माळ भरतो, त्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या संस्थेने राज्याची रुग्णवाहिका उभी केली.

दोन्ही दप्तरांतल्या तारखा जुळवल्या की एक गोष्ट समोर येते. १०८ सुरू झाली २६ जानेवारीला, बंदी आली ७ मे रोजी. मध्ये जेमतेम सव्वातीन महिने. त्यानंतर साडेसात वर्षांहून अधिक काळ कायदेशीर शर्यत बंद होती आणि याच काळात १०८ गावोगाव रुजली. रस्त्यावरचे अपघात, सर्पदंश, बाळंतपणं, हृदयविकार, पुढे कोरोना, असं सगळं या गाड्यांनी वाहिलं. त्यांवरचे डॉक्टर आणि चालक त्या कामात तयार झाले. शर्यतीचं मैदान मात्र त्या शिकण्यात आलंच नाही, कारण मैदानं एकतर बंद होती किंवा चोरून होत होती. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती परतल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यात नांगोळ्याला छकडे पुन्हा उघडपणे सुटले, तेव्हा राज्यात उत्तम रुग्णवाहिका होती आणि मोठी शर्यतही होती. दोघींची ओळख मात्र झालेली नव्हती.

ही ओळख किती महत्त्वाची असते ते मोटार शर्यतींच्या इतिहासातून शिकावं. तिथले कागद जास्त आहेत, चित्रफिती आहेत, डॉक्टरांच्या आठवणी आहेत.

१० सप्टेंबर १९७८, इटलीतलं मोन्झा. मागच्या गाड्या अजून पुरत्या थांबलेल्याही नव्हत्या, तेवढ्यात हिरवा दिवा लागला. पहिल्या वळणाआधीच गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्वीडनच्या रॉनी पीटरसनची लोटस पेटली. त्याला ओढून बाहेर काढलं ते जेम्स हंट आणि इतर शर्यतपटूंनी. पीटरसन शुद्धीवर होता, पाय मोडले होते. डॉ. सिड वॉटकिन्स हे न्यूरोसर्जन त्या वर्षीच फॉर्म्युला वनबरोबर काम करू लागले होते. ते धावत निघाले तर पोलिसांच्या कड्याने त्यांनाच अडवलं. रुग्णवाहिका पीटरसनपर्यंत पोचायला अठरा मिनिटं लागली, असा आकडा त्या अपघाताच्या हकिकतींत नोंदला गेला आहे. दुसऱ्या दिवशी मिलानच्या रुग्णालयात पीटरसन गेला.

इथे सावध राहायला हवं. मृत्यूचं कारण हाडांतल्या चरबीचे कण रक्तात मिसळणं हे होतं, आणि ते शस्त्रक्रियेनंतर घडलं. अठरा मिनिटांनीच तो गेला, असं म्हणणं पुराव्याला धरून होणार नाही. पण त्या अठरा मिनिटांनी एक गोष्ट उघडी पाडली. मोन्झात डॉक्टर होते, गाडी होती, पोलीसही होते. कोण कुठे उभं राहणार आणि कोणाला आत सोडायचं, एवढंच ठरलेलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी, २९ जुलै १९७३ रोजी, हॉलंडमधल्या झान्डफोर्टला याहून भयंकर दृश्य जगाने दूरचित्रवाणीवर पाहिलं होतं. उलटलेल्या, जळत्या गाडीखाली रॉजर विल्यमसन अडकला होता. त्याला वाचवायला डेव्हिड पर्ली आपली गाडी सोडून धावला, एकट्याने गाडी सरळ करायचा प्रयत्न करत राहिला, आणि शर्यत बाजूने चालूच राहिली. आगीचा बंब त्याच मैदानावर होता, पण तिथवर वेळेत आला नाही.

मोन्झानंतर वॉटकिन्स यांनी फॉर्म्युला वनचा कारभार पाहणाऱ्या बर्नी एक्लस्टन यांच्याकडे स्पष्ट मागण्या ठेवल्या: भूलतज्ज्ञ, हेलिकॉप्टर, आणि डॉक्टरला घेऊन धावणारी वेगवान गाडी. पुढची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला होती, तिथपासूनच अंमल सुरू झाला. डॉक्टरची गाडी पहिल्या फेरीत शर्यतीच्या गाड्यांच्या पाठोपाठ धावू लागली, कारण सगळ्यात जास्त टकरा पहिल्याच फेरीत होतात. पूर्वी फाटकाजवळ उभी असणारी गाडी आता धोक्याच्या मागोमाग जाऊ लागली. माझ्या मते अवजारांतल्या कोणत्याही सुधारणेइतकं मोल या जागाबदलाचं आहे.

सातारा-सांगलीच्या माळावर धोका कुठे असतो, हे जुने शौकीन न विचारता सांगतील. एक जागा सुटण्याची. गट लागतो, जोड्या चाकोरीत उभ्या राहतात, बैल थरथरत असतात, धरणारे हातांनी वेसणी आवरत असतात. झेंडा पडतो आणि त्या क्षणी एखादी जोडी तिरकी निघाली तर शेजारच्या चाकोरीत घुसते. दुसरी जागा निकालाच्या रेषेपलीकडची. रेषा ओलांडली म्हणून खिल्लार जोडी थांबत नाही. ती पुढे शंभर-दोनशे मीटर तशीच जाते, आणि तिथेच गर्दीतले उत्साही लोक बैल धरायला आडवे येतात. तिसरी जागा दोन्ही अंगांच्या कडा, जिथे निकाल दिसावा म्हणून मागचा पुढच्याला ढकलत असतो. रुग्णवाहिका मात्र बहुतेक मैदानांवर स्टेजजवळ किंवा वाहनतळाच्या तोंडाशी असते. तिच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये बैल घेऊन आलेले पिकअप, टेम्पो आणि मोटारसायकली दाटलेल्या असतात. मोन्झात पोलिसांच्या कड्याने जे केलं ते इथे पार्किंग करतं.

१०८ कडूनच सगळी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. ती हाकेला येणारी सेवा आहे. शहरात २० मिनिटं आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचणं हे तिचं उद्दिष्ट. आटपाडी, जत किंवा माणच्या वाडीवस्तीवर अर्ध्या तासात डॉक्टरसह गाडी येणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि ज्यांच्या घरी ती वेळेवर आली त्यांना तिचं मोल ठाऊक आहे. पण मोन्झातली अठरा मिनिटं जगाला सहन झाली नाहीत, कारण तिथे अपघाताची शक्यता आधीपासून माहीत होती. शर्यतीच्या माळावरही ती माहीत असते. म्हणून तिथे हाक मारून बोलवायची गाडी पुरत नाही, इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी लागते. तालुक्यासाठी असलेली १०८ दिवसभर मैदानावर थांबवली तर तिच्या वाटच्या वाड्या उघड्या पडतात, हेही आयोजकांनी ध्यानात घ्यावं. मैदानाची गाडी मैदानाच्या खर्चातून यावी.

तो खर्च परवडत नाही, असं आता म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावात डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या श्रीनाथ केसरी मैदानात पहिलं बक्षीस फॉर्च्युनर गाडीचं होतं. ती जिंकणाऱ्या जोडीतले बैल हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेकफेल या नावांनी ओळखले जातात. एवढ्या मोलाच्या बक्षिसामागे किती माणसं येणार, बैल किती ताकदीने सुटणार आणि ड्रायव्हर किती जोखीम पत्करणार, हे आयोजकांना आधीच माहीत असतं. ज्या मैदानावर लाखांची मोटार बक्षीस म्हणून उभी राहते, तिथे जखमी माणसाला नेणारी मोटार त्याच अंदाजपत्रकात आली पाहिजे.

बैलांसाठीही हेच लागू आहे. १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं आणि गोठ्यातल्या जनावरापर्यंत डॉक्टर पोचतो, ही सोय मोलाची आहे. पण पाय मोडून माळावर पडलेलं तीन-चारशे किलोचं खिल्लार उचलायला फळी, पट्टे आणि खाली येणारा उतार असलेली गाडी लागते. ती नसेल तर बैल ज्या पिकअपमधून आला त्याच पिकअपमध्ये चार-सहा जण मिळून त्याला ओढून चढवतात आणि मोडलेला पाय आणखी मोडतो.

१८ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने कायद्याच्या कडक अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी उत्तरदायी खुर्ची ठरलेली आहे. आयोजक किमान पंधरा दिवस आधी अर्ज करतो, पन्नास हजार रुपये अनामत भरतो. त्या पंधरा दिवसांत मैदानाचा साधा, हाताने काढलेला नकाशा मागवता येतो. त्यावर सुटण्याची रेषा असावी, निकालाची रेषा असावी, तिच्यापुढची मोकळी जागा असावी, दोन्ही टोकांना रुग्णवाहिकेची जागा असावी आणि तिथून डांबरी रस्त्याला लागणारी वाट असावी. त्या वाटेवर एकही पिकअप उभा राहू देऊ नये. शर्यतीचं चित्रीकरण नियमाने करावंच लागतं. त्याचा एक कॅमेरा या वाटेकडे तोंड करून ठेवला तर दिवसभर ती मोकळी राहिली की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बसल्या जागी तपासता येईल.