मुक्कामी गाडी आणि पौषातली पहाट

मंडळी, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गाडीच्या काचेवर बर्फ साचत नाही, दव साचतं. ते फडक्यानं पुसलं की झालं. खरी अडचण इंजिनाची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटतं, आणि गार लोखंड ती उष्णताच शोषून घेतं. म्हणून मुक्कामी एसटीचा जाणता ड्रायव्हर रात्रीच गाडी उतारावर लावायचा. पहाटे शेकोटीजवळचे प्रवासी उठून धक्का द्यायचे. आता बघा, गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्याआधी सिरोंच्याच्या माणसालाही जिल्हा कचेरीसाठी चंद्रपूरच गाठावं लागे. पहाटेची गाडी तापली नाही, तर त्याची तारीख बुडायची.