शॉर्टकट की (संगणक)

एक कळ किंवा एकत्र दाबलेल्या दोन-तीन कळा यांच्या साहाय्याने, मेनू न उघडता, संगणकाला थेट आज्ञा देण्याची सोय. कंट्रोल+सीने कॉपी, कंट्रोल+व्हीने पेस्ट ही रोजची उदाहरणे. झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा ॲपलच्या मॅकिंटॉशवर (१९८४) अनुक्रमे अनडू (बदल मागे घेणे), कट, कॉपी, पेस्ट या कामांना लागल्या. विंडोजने त्या ३.१ आवृत्तीत (१९९२) उचलल्या. महाराष्ट्रात २००१ पासूनच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरता अभ्यासक्रमाच्या वर्गांनी त्या तालुक्यांपर्यंत नेल्या.

कळ दाबली की कळफलक अक्षर पाठवत नाही. कळ कोणत्या जागेवरची, एवढाच क्रमांक पाठवतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर त्याला कळीचा संकेत देतो. प्रणालीने स्वतःकडे राखलेल्या जोड्या वाटेतच अडतात: कंट्रोल+ऑल्ट+डिलीट सामान्य प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. बाकीचे संकेत समोरच्या विंडोकडे जातात आणि प्रोग्रॅम ते आपल्या शॉर्टकटच्या तक्त्याशी ताडून पाहतो. जुळले तर आज्ञा बजावली जाते व अक्षर उमटत नाही. कळ दाबून धरली तर तोच संदेश पुन्हापुन्हा येतो. म्हणूनच कंट्रोल+झेडवरचे बोट उचलायला उशीर झाला की नको तेवढे बदल मागे जातात.

मराठी टंकनात या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. इनस्क्रिप्ट मांडणीत सीच्या कळीवर म, व्हीच्या कळीवर न असतो. तरीही नांदेड-लातूरच्या एखाद्या कार्यालयात मराठी अर्ज टाइप करताना विंडोजवर कंट्रोल+सी चालते, कारण मांडणी बदलली तरी कळीचा संकेत सीचाच राहतो. लिनक्सच्या एक्स विंडो प्रणालीत मात्र प्रोग्रॅम सहसा चालू मांडणीतले चिन्ह पाहतात. तिथे जीटीकेसारखी प्रोग्रॅम-बांधणीची साधने जोडीला असलेल्या इंग्रजी मांडणीत तीच कळ शोधून काम भागवतात. निव्वळ मराठी मांडणी ठेवली तर काही प्रोग्रॅम कंट्रोल+सीला दादच देत नाहीत.

डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे चाललेल्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांना ही अडचण नव्हती. त्यांत मांडणी इंग्रजीच राहते, फक्त अक्षरांचे चित्र देवनागरी असते. त्यांची किंमत वेगळीकडे मोजावी लागते: कळफलकावर न मावलेल्या चिन्हांसाठी ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकांच्या कळांवर शून्याने सुरू होणारा चार आकडी क्रमांक द्यावा लागतो. शॉर्टकट बहुधा कळ दाबताक्षणी चालतो. हे अक्षर मात्र ऑल्ट सोडल्यावरच उमटते, कारण क्रमांक पूर्ण झाल्याची दुसरी खूण विंडोजला मिळत नाही.

इंग्रजी-मराठी अदलाबदलीचाही शॉर्टकटच आहे: डावे ऑल्ट+शिफ्ट, आणि विंडोज ८ पासून विंडोज+स्पेस.